पाण्याची खूण आणि आप्तवाक्य

नदीकांठच्या किंवा समुद्रकांठच्या कोणत्याही जुन्या गांवीं गेलें असतां देवळाच्या भिंतीवर, घाटाच्या पायरीवर किंवा एखाद्या वाड्याच्या चौकटीवर पाण्याची खूण दाखविण्यांत येते. 'अमुक सालीं पाणी येथवर आलें होतें' असें सांगणारें वडील माणूस घरोघर असतें, आणि त्याचें सांगणें घरांतील मंडळी आदरानें ऐकतात. हा आदर योग्यच आहे. परंतु ती खूण आपणांस नेमकें काय सांगते आणि काय सांगत नाहीं, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. गेल्या सव्वाशें वर्षांत अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर जीं चक्रीवादळें झालीं, आणि त्यांविषयीं व एकंदर जलप्रलयांविषयीं विद्वानांनीं जें संशोधन केलें, त्यांत या प्रश्नाचें उत्तर फार मोठी किंमत देऊन मिळालेलें आहे. ज्यांच्या शब्दावर सारें घर उठतें-बसतें अशा आमच्या समवयस्क वाचकांपुढें तें ठेवावें, हा या लेखांकाचा हेतु आहे.

प्रथम वादळाविषयीं दोन शब्द. उष्ण कटिबंधांतील समुद्र तापून वाफेनें भरलेली हवा वर चढूं लागली म्हणजे तिच्या जागीं भोंवतालची हवा धांव घेते, आणि पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ती हवा सरळ न जातां चक्राकार फिरूं लागते. हेंच चक्रीवादळ होय. आपल्याकडे यास 'सायक्लोन' म्हणतात. हा शब्द एकोणिसाव्या शतकांत कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन नांवाच्या इंग्रज गृहस्थानें बनविला. अटलांटिक महासागरांत व मेक्सिकोच्या आखातांत त्यासच 'हरिकेन' म्हणतात, व तो शब्द वेस्ट इंडीज बेटांतील मूळ रहिवाशांच्या भाषेंतून आलेला आहे. नांवें दोन असलीं तरी वस्तु एकच. सामान्य समज असा कीं, या वादळांत मनुष्याचा घात वारा करितो. वस्तुतः समुद्राचें पाणीच अधिक प्राण घेत आलें आहे. वारा हें पाणी किनाऱ्याकडे रेटीत आणितो. किनारा दूरवर उथळ असला म्हणजे त्या पाण्यास खालून परत जाण्यास वाव राहत नाहीं, आणि तें जमिनीवर चढत जातें.

टेक्सस प्रांतांत गॅल्व्हेस्टन नांवाचें शहर एका अरुंद बेटावर वसलेलें आहे. इ. स. १९०० सालीं तेथें सुमारें ३८,००० लोक राहत असत. व्यापार भरभराटीचा होता, आणि शहरांतील सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून नऊ फुटांहूनही कमी होती. त्याच किनाऱ्यावरील इंडियनोला हें बंदर १८७५ व १८८६ अशा दोन वादळांनीं धुऊन गेलें, तेव्हां गॅल्व्हेस्टनलाही समुद्राच्या बाजूनें भिंत असावी अशी चर्चा निघाली. परंतु तेथील सरकारी हवामान कचेरीचे अधिकारी आयझॅक क्लाइन यांनीं १८९१ सालीं एका वृत्तपत्रांत लेख लिहून असें प्रतिपादन केलें कीं, टेक्ससचा किनारा अशा प्रचंड वादळांच्या वाटेवर येत नाहीं आणि ही भीति निराधार आहे. गृहस्थ अडाणी नव्हते. आपल्या शास्त्रांत निष्णात होते. भिंत झाली नाहीं.

ता. ८ सप्टेंबर १९०० रोजीं वादळ आलें. त्यापूर्वीं क्युबांतील हवाना शहरीं बेलेनच्या वेधशाळेंत जेझुइट पाद्री कित्येक वर्षें अशा वादळांचा अभ्यास करीत आले होते, व हें वादळ पश्चिमेकडे जाईल असा त्यांचा तर्क होता. परंतु तेथील लोकांचीं भाकितें तारेनें पाठविण्यास अमेरिकन अधिकाऱ्यांनीं आधींच बंदी केलेली होती. आणि वॉशिंग्टनच्या मुख्य कचेरीचा समज असा कीं, वादळ उत्तरेकडे वळून अटलांटिक किनाऱ्याच्या बाजूनें जाईल. त्या रात्रीं गॅल्व्हेस्टनवर पंधरा फुटांहून अधिक पाणी चढलें. तीन हजारांहून अधिक घरें नाहींशीं झालीं, आणि सहा ते बारा हजार माणसें दगावलीं. क्लाइन यांच्या पत्नीचाही त्याच रात्रीं अंत झाला. अमेरिकेच्या इतिहासांत नैसर्गिक आपत्तीनें एवढी प्राणहानि त्यापूर्वीं झाली नव्हती व त्यानंतरही झालेली नाहीं.

येथें क्षणभर थांबून या चुकीचें स्वरूप पाहूं. आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार प्रमाणें मानिलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. 'पर्वतावर धूर आहे, म्हणून तेथें अग्नि आहे' हें अनुमान खरें ठरतें, कारण धूर आणि अग्नि यांची व्याप्ति अबाधित आहे. अग्नीवांचून धूर कोणीं पाहिलेला नाहीं. परंतु 'वीस वर्षांत पाणी येथवर आलें नाहीं, म्हणून येथवर येत नाहीं' या वाक्यांत व्याप्ति कोठें आहे? वीस वर्षें हा समुद्राच्या वयांत निमिषाचाही अंश नव्हे. हा सव्यभिचार हेत्वाभास होय. भिंतीवरील खूण प्रत्यक्ष आहे, खरी आहे. परंतु ती एवढेंच सांगते कीं, पाणी निदान इतकें चढूं शकतें. 'याहून अधिक चढत नाहीं' हें वाक्य खुणेवर लिहिलेलें नसतें. तें वाचणारा आपल्या पदरचें घालीत असतो.

त्या प्रलयानंतर गॅल्व्हेस्टनच्या नागरिकांनीं जें काम केलें तें खरोखर अचाट होतें. १९०२ ते १९०४ या काळांत त्यांनीं तीन मैलांहून अधिक लांबीची व सतरा फूट उंचीची भिंत बांधिली. पुढें वाळू ओतून शहराची जमीनच उंच केली, आणि त्यासाठीं दोन हजारांहून अधिक इमारती, मोठमोठालीं देवळें देखील, यंत्रांनीं उचलून धरिलीं. १९१५ सालीं तसेंच वादळ पुन्हां आलें, तेव्हां शहरांत फार थोडी प्राणहानि झाली. भिंत ही उपयोगी वस्तु आहे, यांत संशय नाहीं. परंतु भिंतीचाही एक दोष आहे. तो शिकागो विद्यापीठांतील गिल्बर्ट व्हाइट या भूगोलज्ञानें १९४५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधांत विशद केला. बंधारा झाला म्हणजे लहान पूर थांबतात; लहान पूर थांबले म्हणजे लोक निर्धास्त होतात व बंधाऱ्यामागच्या सखल जागेंत घरें बांधितात; आणि मग एखादे सालीं बंधाऱ्याहून मोठा पूर आला म्हणजे पूर्वीं जेथें शेतें बुडालीं असतीं तेथें सबंध वस्ती बुडते. न्यू ऑर्लिअन्स शहरांत हेंच झालें. १९६५ सालच्या बेट्सी वादळानंतर तेथें मोठे बंधारे घालण्यांत आले, त्यांच्या भरंवशावर पाणथळ जागेंत नव्या वसाहती उठल्या, आणि ता. २९ ऑगस्ट २००५ रोजीं कतरिना वादळांत ते बंधारे ठिकठिकाणीं फुटून शहराचा सुमारें ऐंशीं टक्के भाग पाण्याखालीं गेला.

कतरिना वादळानें खुणेवर विसंबण्याचा दुसराही एक धडा दिला. न्यू ऑर्लिअन्सच्या पूर्वेस मिसिसिपी प्रांताचा किनारा आहे. तेथें १९६९ सालीं कामिल नांवाचें भयंकर वादळ होऊन सुमारें चोवीस फूट पाणी चढलें होतें. वाऱ्याच्या वेगावरून अशा वादळांच्या पांच पायऱ्या ठरविलेल्या आहेत, व कामिल पांचव्या पायरीचें होतें. कतरिना किनाऱ्यास लागतांना तिसऱ्या पायरीवर उतरलें होतें. साहजिकच कामिलमधून वांचलेल्या अनेक वडील मंडळींनीं मनाशीं हिशेब केला कीं, ज्या घरांत तेव्हां पाणी शिरलें नाहीं त्या घरांत आतां कसें शिरेल? परंतु कतरिनाचा वारा कमी जोराचा असला तरी घेर फार मोठा होता. त्यानें अधिक विस्तारावरील पाणी रेटीत आणिलें, आणि कामिलच्या खुणेच्याही वर, सुमारें अठ्ठावीस फुटांपर्यंत, समुद्र चढला. पाण्याची उंची वाऱ्याच्या पायरीवरून सांगतां येत नाहीं, हें पुढें शास्त्रज्ञांनींही मान्य केलें, आणि २०१० सालीं त्या पायऱ्यांच्या कोष्टकांतून पाण्याच्या उंचीचा रकाना काढून टाकिला. ३६ वर्षांपूर्वींचें वादळ अनुभवी माणसांस अशा रीतीनें भोंवलें.

हें दूरदेशचें म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं. कृष्णाकांठीं सांगलीस २००५ सालच्या महापुराची खूण घरोघर पाठ होती. २०१९ सालच्या ऑगस्टांत पाणी त्या खुणेच्याही वर गेलें. नदी निराळी, कारण निराळें. परंतु खुणेवर विसंबून 'येथवर येत नाहीं' असें म्हणणारें मन सर्वत्र एकच आहे.

आतां जी गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं ती सांगतों. कतरिना वादळानें लुइझिआना प्रांतांत मृत्यु पावलेल्या ९७१ माणसांची छाननी तेथील वैद्यांनीं व आरोग्याधिकाऱ्यांनीं केली व ती २००८ सालीं प्रसिद्ध झाली. मृतांपैकीं सुमारें निम्मीं माणसें पंचाहत्तर वर्षांची किंवा त्याहून वडील होतीं. बालकें थोडीं, तरुण थोडे, आणि वृद्ध निम्मे. यांतील कित्येकांस हलतां येत नव्हतें. न्यू ऑर्लिअन्सजवळच्या एका शुश्रूषागृहांत ३५ रुग्ण व वृद्ध बुडाले, कारण त्यांस आधीं हलविण्यांत आलें नव्हतें. कित्येकांपाशीं गाडी नव्हती. कित्येकांस आपलें कुत्रें-मांजर सोडवेना. ही अडचण इतकी खरी ठरली कीं, निघून जाण्याच्या योजनेंत पाळीव जनावरांचाही विचार व्हावा असा कायदा अमेरिकेनें २००६ सालीं केला. परंतु ज्यांस जातां येत असून जे गेले नाहींत, असेही अनेक होते. वय वाढतें तसा अनुभव वाढतो, आणि अनुभवाबरोबर 'मी असलीं वादळें पुष्कळ पाहिलीं आहेत' हें वाक्यही जिभेवर येऊन बसतें. साठी उलटलेल्या आम्हां मंडळींनीं हा आंकडा वाचून नुसता निःश्वास टाकणें पुरेसें नाहीं.

मग मनुष्य घर सोडून निघतो तो कोणाच्या सांगण्यावरून? या प्रश्नाचा शोध टॉमस ड्राबेक नांवाच्या समाजशास्त्रज्ञानें घेतला. ता. १६ जून १९६५ रोजीं अमेरिकेंतील डेन्व्हर शहरांत साऊथ प्लॅट नदीस एकाएकीं पूर आला व हजारों कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं. त्या कुटुंबांच्या मुलाखती घेतां असें आढळलें कीं, धोक्याची सूचना ऐकतांच बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची होती. सरकारी सूचना ऐकून लोकांनीं काय केलें? खिडकींतून बाहेर पाहिलें, शेजाऱ्यास विचारिलें, नातेवाइकांस दूरध्वनि केला. आणि 'तुम्ही आमच्याकडे या' असें एखाद्या आप्तानें म्हणतांच पुष्कळ कुटुंबें उठलीं. शिवाय कुटुंब निघालें तें बहुधा एकत्र निघालें. एक माणूस अडून बसला तर सारें घर अडून बसतें, हा याचाच दुसरा अर्थ.

आपल्या शास्त्रांत शब्दप्रमाणाची व्याख्या 'आप्ताचें वाक्य' अशी केलेली आहे, आणि आप्त म्हणजे जो जसें आहे तसें सांगतो तो. व्यवहारांत मात्र आप्त म्हणजे नातलग. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ डेन्व्हरच्या त्या संशोधनांत एकत्र आलेले दिसतात. वेधशाळेचें वाक्य हें पहिल्या अर्थीं आप्तवाक्य आहे. परंतु दुसऱ्या अर्थाच्या आप्तानें तें उच्चारल्यावांचून मनुष्य उठत नाहीं.

हें मर्म ओळखून ज्यांनीं व्यवस्था केली ते लोक धनवान् नव्हते. १९७० सालच्या नोव्हेंबरांत बंगालच्या उपसागरांतील वादळानें आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर तीन ते पांच लाख माणसें मेलीं. त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथें रेडक्रॉस व सरकार यांनीं मिळून स्वयंसेवकांची योजना सुरू केली. स्वयंसेवक त्याच गांवचा, ओळखीचा. इशारा मिळतांच तो निशाण लावितो, कर्णा घेऊन दारोदार जातो आणि वृद्धांस हात धरून निवाऱ्याकडे नेतो. गुरांसाठीं मातीचे उंच ओटे केले, त्यांस तेथें 'किल्ला' म्हणतात. तरी १९९१ सालच्या वादळांत सुमारें १,४०,००० माणसें गेलीं, आणि त्यांत स्त्रियांचें प्रमाण पुरुषांहून कितीतरी अधिक होतें. कारणांचा शोध घेतां एक असें निघालें कीं, अनेक स्त्रिया मुलांबाळांसह घरांतच थांबल्या होत्या, कारण घरचा कर्ता पुरुष बाहेर होता आणि त्याच्या अनुज्ञेवांचून निघावें कसें हा त्यांस प्रश्न पडला. हें वाचून एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्या कोणासही क्षणभर स्वस्थ बसवूं नये. पुढें निवारे वाढले, स्वयंसेवकांत स्त्रियाही मोठ्या संख्येनें घेण्यांत आल्या, आणि २००७ सालच्या सिद्र वादळांत मृतांचा आंकडा सुमारें ३,४०० वर आला. २०२० सालच्या अम्फान वादळापूर्वीं तेथें वीस लाखांहून अधिक लोक हलविले गेले, आणि त्या देशांतील मृतांची संख्या शंभरांच्याही आंत राहिली.

संकट ओसरल्यावर पुन्हां उभें राहण्याची गोष्टही अशीच आहे. डॅनिएल ऑल्ड्रिच या राज्यशास्त्रज्ञाचें स्वतःचें घर कतरिनांत बुडालें, आणि कोणत्या वस्त्या लवकर सांवरतात हा त्याच्या अभ्यासाचा विषय झाला. १९२३ सालचें तोक्यो, १९९५ सालचें कोबे, २००४ सालच्या त्सुनामीनंतरचा तामिळनाडूचा किनारा आणि न्यू ऑर्लिअन्स या चार ठिकाणांचा विचार करून २०१२ सालच्या ग्रंथांत त्यानें असा निष्कर्ष काढिला कीं, पैसा किंवा हानीचें मान यांहूनही लोकांचा परस्परसंबंध अधिक निर्णायक ठरतो. न्यू ऑर्लिअन्सच्या पूर्व भागांतील व्हिएतनामी निर्वासितांची वस्ती श्रीमंत नव्हती, पण एका चर्चभोंवतीं बांधलेली होती. ती शहरांतील अनेक सधन भागांच्या आधीं परतली. परंतु त्याच ग्रंथांत दुसरी बाजूही आहे. तामिळनाडूंत ज्यांच्या जातिपंचायती घट्ट होत्या त्यांस मदत लवकर पोंचली. आणि पंचायतीबाहेरचे दलित, विधवा, एकटीं माणसें यादींतून वगळलीं गेलीं. आपल्या माणसांचा जिव्हाळा जितका घट्ट तितकी बाहेरच्यावरची नजर उणी, असा हा अनुभव आहे. पाणी यादी पाहून येत नाहीं; तेव्हां आपली यादी गल्लीच्या टोंकापर्यंत गेली पाहिजे.

कोणी म्हणतील, इशारे वारंवार मिळतात आणि पुष्कळदां कांहींच होत नाहीं. व्यर्थ हाल कां काढावेत? या आक्षेपांत तथ्य आहे. वादळाची वाट आधीं बिनचूक सांगतां येत नाहीं, म्हणून जितका किनारा बुडण्याचा संभव असतो तितका सर्व रिकामा करावा लागतो, आणि त्यांतील कांहीं भाग वांचतोच. परंतु येथें तुलना कशाची करावयाची? एका पक्षीं दोन रात्रींची गैरसोय, दुसऱ्या पक्षीं घरांतील सर्वांत वृद्ध व सर्वांत लहान जीव. पाहुणचार घेऊन परत आलों आणि घर कोरडें सांपडलें, तर त्यास फसवणूक न समजतां भाग्य समजावें.

असो. आतां काय करावें एवढेंच सुचवून हा लेखांक पुरा करितों. पावसाळ्यापूर्वीं एखाद्या निवांत संध्याकाळीं, घरांतील सर्व मंडळी जमलीं असतां, वडील माणसानें स्वतः होऊन सांगावें कीं, 'इशारा आला तर माझी वाट पाहूं नका, माझी समजूत घालण्यांत वेळ दवडूं नका. मी सर्वांच्या आधीं निघेन.' दुसरें, कर्ता पुरुष घरीं नसला तर घर सोडण्याचा निर्णय घरांतील कोणत्याही सुनेनें किंवा लेकीनें घ्यावा, तिला मागाहून कोणी शब्द लावणार नाहीं, हेंही त्याच वेळीं सर्वांदेखत सांगून टाकावें. तिसरें, उंचावर राहणाऱ्या कोणत्या आप्ताकडे जावयाचें हें त्यास विचारून ठरवून ठेवावें, आणि आपण उंचावर राहत असल्यास सखल भागांतील आप्तांस आजच बोलावणें करून ठेवावें. चौथें, औषधें, चष्मा, कागदपत्रें आणि देव्हाऱ्यांतील देव एका पिशवींत मावतील अशी सोय असावी, म्हणजे त्यांच्यासाठीं कोणी मागें फिरणार नाहीं. पांचवें, गल्लींत एकटें कोण राहतें, अंथरुणास कोण खिळलें आहे, बाळंतीण कोठें आहे, गुरें कोणाचीं आहेत, यांची नांवें लिहून प्रत्येकापुढें त्यास नेणाऱ्याचें नांव लिहावें. आणि तीं नांवें लिहितांना जात किंवा जुनें भांडण आड येऊं देऊं नये.

भिंतीवरची जुनी खूण पुसूं नये. मुलांस ती अवश्य दाखवावी, साल सांगावें, त्या वेळीं कोण कोणाच्या मदतीस धांवलें तेंही सांगावें. फक्त बोट खुणेवर ठेवून थांबूं नये. तें थोडें वर नेऊन म्हणावें, 'आणि पुढचें पाणी येथवरही येईल.' वडिलांच्या तोंडून ऐकिलेलें हें वाक्य मुलें विसरणार नाहींत.